फाशावरचा आकडा आणि तक्त्यातला आकडा

फॅण्टसी वाङ्मयाबद्दल मराठीत जे थोडंफार लिहिलं जातं ते बहुधा टोल्किनपासून सुरू होतं आणि हॅरी पॉटरपाशी येऊन थांबतं. या दोन टोकांच्या मधे एक मोठी कडी आहे. ती कादंबरीची नसून खेळाची असल्यामुळे आपल्याकडच्या समीक्षकांच्या नजरेतून निसटते. जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातून, लेक जिनिव्हा नावाच्या लहान गावातून, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाजारात आला. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, किंमत दहा डॉलर, पहिली छपाई हजार प्रतींची. पट नाही, सोंगट्या नाहीत. गेल्या पन्नास वर्षांतल्या अद्भुत कादंबऱ्या, चित्रपट आणि व्हिडिओ गेम यांच्यावर या तीन पुस्तिकांचा जेवढा ठसा आहे, तेवढा टोल्किन वगळता दुसऱ्या कुणा लेखकाचा असेल असं मला वाटत नाही.

हा विषय मी कुठल्या विद्यापीठात शिकलेलो नाही. जुन्या नियमपुस्तिका, त्या काळच्या खेळविषयक मासिकांचे अंक आणि या खेळातून निघालेल्या कादंबऱ्या गेली काही वर्षं जमेल तशा मिळवून वाचत आलो. त्या वाचनातून बनलेलं एक मत इथे मांडतो. या खेळात दोन प्रकारचे आकडे असतात. एक फाशावर पडतो, दुसरा तक्त्यात लिहिलेला असतो. फाशावरचा आकडा विचारतो, आता काय होईल? तक्त्यातला आकडा आधीच सांगून ठेवतो, हा इतका बलवान, तो इतका दुष्ट. खेळाचा जीव पहिल्या आकड्यात आहे. मागून आलेल्या फॅण्टसी वाङ्मयानं मात्र बहुतांशी दुसराच उचलला, आणि त्यात अद्भुताचं नुकसान झालं.

पंच, पात्रं आणि फासे

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक ‘डंजन मास्टर’ होतो. आपल्या भाषेत तो अर्धा सूत्रधार आणि अर्धा पंच. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. सूत्रधार सांगतो, समोर दरी आहे, दोराचा पूल आहे, पलीकडे कुणीतरी कंदील घेऊन उभं आहे, काय करता? खेळाडू आपापलं सांगतात. जे सहज होण्यासारखं असेल ते होतं. जिथे शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात आणि जे पडेल ते सगळ्यांना मान्य करावं लागतं, सूत्रधारालासुद्धा.

या रचनेची वंशावळ लांबची आहे आणि तिचं मूळ आपल्या चतुरंगात आहे. बुद्धिबळावर आधारलेला युद्धखेळ ब्रुन्स्विकच्या हेलविगनं १७८० मध्ये छापला. पुढे प्रशियात राइसविट्झ पितापुत्रांनी चौकटींचा पट सोडून नकाशा घेतला. मुलानं १८२४ मध्ये छापलेल्या नियमांत फासे होते, जीवितहानीचे तक्ते होते आणि दोन्ही बाजूंवर नजर ठेवणारा पंच होता. प्रशियन सैन्यातले अधिकारी त्यावर शिकत. विसाव्या शतकात हा नाद नागरिकांना लागला. एच. जी. वेल्सनं १९१३ मध्ये शिशाच्या शिपायांच्या लढाईचे नियम पुस्तकरूपानं काढले.

खरं वळण १९६९ मध्ये मिनेसोटात आलं. डेव्हिड वेस्ली यानं नेपोलियनच्या काळातलं ब्राउनश्टाइन नावाचं काल्पनिक जर्मन गाव उभं केलं आणि खेळाडूंना फौजा देण्याऐवजी एकेक माणूस दिला. कुणी नगराध्यक्ष झाला, कुणी बँकवाला, कुणी विद्यापीठाचा प्रमुख. लढाई बाजूला राहिली. लोक आपापसांत बोलू लागले, कट करू लागले. त्या मंडळींतल्या डेव्ह आर्नेसननं १९७१ च्या सुमारास हीच कल्पना ‘ब्लॅकमूर’ नावाच्या अद्भुत मुलखात नेली. तिकडे गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचे ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढाईचे नियम त्याच वर्षी छापून आले, त्याला ड्रॅगन-जादूगारांची पुरवणी होती. आर्नेसन आणि गायगॅक्स एकत्र आले आणि १९७४ चं खोकं तयार झालं.

म्हणजे या खेळाला आईबाप दोन. एक गप्पा मारणारं गाव आणि दुसरा जीवितहानीचा तक्ता. पात्राच्या अंगात किती जीव उरला हे मोजणारे ‘हिट पॉइंट्स’ आपण यादवी युद्धातल्या चिलखती जहाजांच्या खेळावरून घेतले, असं आर्नेसननं सांगितलेलं आहे. जहाजाला किती गोळे लागले की ते बुडतं, याचा हिशेब माणसाला लावला गेला.

कथांकडून काय घेतलं

१९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये गायगॅक्सनं परिशिष्ट ‘एन’ म्हणून आपल्या प्रेरणास्थानांची यादी दिली. यादीत टोल्किन आहे, पण शेवटी ज्यांचा प्रभाव सर्वांत थेट म्हणून गायगॅक्स सांगतो त्या नावांत तो नाही. तिथे रॉबर्ट हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर, जॅक व्हान्स, लव्हक्राफ्ट अशी मासिकांतून लिहिणारी मंडळी आहेत. हॉबिट, एण्ट, बॅलरॉग ही टोल्किनची नावं पहिल्या छपाईत सरळ वापरली होती. हक्कदारांनी हरकत घेतल्यावर ती बदलावी लागली आणि हॉबिटचा ‘हाफलिंग’ झाला. वाङ्मयीन ऋणाचा हा सगळा तपशील इंग्रजीत बऱ्याच जणांनी मांडला आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो त्याच्या पुढचा प्रश्न. या लेखकांकडून नेमकं काय घेतलं गेलं?

व्हान्सचं उदाहरण घेऊ. त्याच्या ‘द डाइंग अर्थ’ (१९५०) मध्ये सूर्य विझत आलाय, पृथ्वी म्हातारी झालीय. तिथले जादूगार मोठ्या कष्टानं चार-दोन मंत्र डोक्यात बसवतात आणि उच्चारताच ते स्मरणातून पुसले जातात. वाचताना हे एकाच वेळी हास्यास्पद आणि केविलवाणं वाटतं. एका थोर विद्येचं उरलंसुरलं गाठोडं सांभाळणारी ही माणसं आहेत. खेळात यातला विसरण्याचा नियम तेवढा आला. जादूगार सकाळी मंत्र भरतो, दिवसभरात उडवतो, रात्री झोपून पुन्हा भरतो. मंत्र काडतुसांसारखे झाले. सूर्य विझत असल्याची उदासी तक्त्यात बसत नव्हती, ती बाहेर राहिली.

पोल अँडरसनच्या ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’मधून सुव्यवस्था आणि अनागोंदी यांचा विश्वव्यापी झगडा घेतला गेला. कादंबरीत त्या झगड्यापायी नायकाला एका जगातून उचलून दुसऱ्यात फेकलं जातं. खेळात ती पात्राच्या कागदावरची भरायची चौकट झाली. पुढे तिला चांगलं-वाईट ही दुसरी दिशा जोडली गेली आणि नैतिकतेचे नऊ खण तयार झाले.

या वृत्तीचा माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा म्हणजे मार्च १९७७ च्या ‘द ड्रॅगन’ मासिकातला एक लेख. गॅण्डाल्फ हा फक्त पाचव्या पायरीचा जादूगार होता, असं त्याच्या शीर्षकातच म्हटलंय. लेखकानं गॅण्डाल्फची करामत नियमांच्या काट्यावर तोलून हा निष्कर्ष काढला. गंमत म्हणून वाचलं तर लेख मजेदार आहे, आणि त्याचं गणितही फारसं चुकलेलं नाही. पण गॅण्डाल्फचं वजन त्यानं किती ठिणग्या पाडल्या यात नाही. गोलमला मारू नये, त्याची कीव करावी, असं तो फ्रोडोला सांगतो यात आहे. कथेच्या शेवटी फ्रोडो ज्वालामुखीच्या काठावर उभा राहून अंगठी टाकायला नकार देतो. जग वाचतं ते त्या कीव करून जिवंत ठेवलेल्या गोलमचा तोल गेल्यामुळे. अशा शेवटासाठी टोल्किननं ‘युकॅटास्ट्रॉफी’ असा शब्द घडवला होता. त्यात अनपेक्षितपणे होणाऱ्या कल्याणाचा अर्थ आहे. कितव्या पायरीच्या पात्राला हे जमेल, या प्रश्नाला तिथे जागाच नाही.

वाघाच्या तोंडाचा राक्षस

तक्त्याची मर्यादा मराठी वाचकाला सर्वांत जवळून दिसेल अशी जागा म्हणजे या खेळातला ‘राक्षस’. हा शब्द तिथे अस्साच आहे. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये त्याचं चित्र आहे. वाघाचं डोकं, अंगात उंची कोट, हातात पाइप. मूळ ठिकाण भारत. साध्या शस्त्रांचा त्याच्यावर परिणाम होत नाही, पण मंत्रून घेतलेल्या आडव्या धनुष्याच्या बाणानं मरतो. आपल्या कुठल्याही पुराणात हा बाण सापडणार नाही. तो ‘कोल्चॅक : द नाइट स्टॉकर’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या १९७४ मधल्या एका भागातून आलाय. म्हणजे आपला राक्षस खेळात शिरला तो रामायणातून नव्हे, टीव्हीवरून.

याचा मला राग नाही. गोष्टी अशाच फिरतात, आपणही अलिफ-लैलातले जिन्न आपलेसे केले. माझी हरकत त्याच्या नावापुढच्या नोंदीला आहे. नऊ खणांपैकी त्याचा खण ठरलेला आहे : नियमबद्ध दुष्ट. व्यक्तीचा नव्हे, अख्ख्या जातीचा. या हिशेबानं बिभीषणाचं काय करायचं? प्रल्हादाचं काय? दिवाळीच्या या चार दिवसांतच आपण नरकासुराच्या वधाचा आनंद करतो आणि पाडव्याला बळीचं राज्य परत यावं म्हणून मागणं मागतो. दोघेही असुर. एकाचा अंत साजरा होतो, दुसऱ्याची वाट पाहिली जाते. आपल्या परंपरेत जन्मावरून माणसाचा खण ठरवण्याचं पाप भरपूर झालं आहे, त्याबद्दल कुणी आपल्याला प्रशस्तिपत्र देऊ नये. पण निदान आपल्या कथांनी असुरकुळात जन्मलेल्याला दानशूर व्हायची मोकळीक ठेवली.

मजा अशी की १९७४ च्या मूळ पुस्तिकांतही ही मोकळीक होती. तिथे ऑर्क ही जमात तटस्थ आणि अनागोंदी अशा दोन्ही याद्यांत आहे. शिवाय एक छोटासा तक्ता आहे. वाटेत कुणी प्राणी भेटला आणि तो काय करेल हे ठरलेलं नसेल, तर दोन साधे फासे टाकायचे. बेरीज २ ते ५ आली तर प्रतिकूल, ६ ते ८ आली तर अनिश्चित, ९ ते १२ आली तर अनुकूल. म्हणजे समोरचा अक्राळविक्राळ प्राणी मित्रही निघू शकतो, आणि ते सूत्रधारालाही आधी ठाऊक नसतं. तीनच वर्षांत ‘मॉन्स्टर मॅन्युअल’नं ऑर्कलाही दुष्ट खणात बंद केलं. ही जन्मजात दुष्टाई बरी नव्हे, हे प्रकाशकांना उघडपणे मान्य करायला २०२० उजाडावं लागलं, आणि २०२४ च्या नियमांत ‘रेस’ हा शब्द जाऊन ‘स्पीशीज’ आला. शब्द बदलला हे ठीक. पण त्यासाठी इतिहासात पुढे यायची गरज नव्हती, पहिल्या खोक्यातला दोन फाशांचा नियम पुरेसा होता.

देवांचंही तेच झालं. १९७६ मध्ये ‘गॉड्स, डेमी-गॉड्स अँड हीरोज’ ही पुस्तिका निघाली, तिच्यात ग्रीक आणि नॉर्स देवांबरोबर भारतीय देवही होते, हिट पॉइंट्ससकट. देवांचे आकडे पाहून खेळाडूंना आपल्या पात्रांच्या फुगवलेल्या आकड्यांची लाज वाटावी, असा हेतू प्रस्तावनेत सांगितलाय. हेतू चांगला, उपाय उलटा. ज्याला आकडा दिला तो शून्यावर आणता येतो, हे तर खेळणाऱ्या कुठल्याही पोराला कळतं.

टेबलावरून पुस्तकात

कथेतून खेळ झाला, मग खेळातून कथा होऊ लागल्या. रेमंड फाइस्टच्या ‘मॅजिशियन’चा (१९८२) मुलूख सॅन दिएगोतल्या मित्रमंडळींच्या खेळात तयार झालेला होता. खेळाच्या कंपनीनं स्वतः काढलेली सर्वांत यशस्वी मालिका म्हणजे मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांची ‘ड्रॅगनलान्स’. १९८४ मध्ये तिची पहिली कादंबरी आणि त्याच कथेवर खेळायची पुस्तिका, दोन्ही आल्या. या पुस्तिकेत एक नियम आहे, ‘संदिग्ध मृत्यू’चा. महत्त्वाचं पात्र फाशांमुळे मेलंच, तर प्रेत कुणाच्या हाती लागणार नाही असा मृत्यू सूत्रधारानं घडवावा, म्हणजे पुढच्या प्रकरणात गरज पडली की ते परत आणता येईल.

हा नियम वाचून मी बराच वेळ थांबलो. इथे फाशाचा आकडा पहिल्यांदा रीतसर रद्द केला गेला आहे. फासा टाकायचा, पण त्याचं ऐकायचं नाही, कारण पुढची कादंबरी ठरलेली आहे. मालिका लाखो मुलांनी आवडीनं वाचली, आणि तिच्यातला खंगलेला, खोकणारा जादूगार रेस्टलिन आजही लक्षात राहतो. पण तो जिवंत वाटतो तो लेखनपूर्व खेळात एका खेळाडूनं त्याला कुजबुजता आवाज दिला म्हणून. तक्त्यातल्या त्याच्या आकड्यांमुळे नव्हे.

याच्या दुसऱ्या टोकाला आजचं ‘सोलो लेव्हलिंग’ आहे. ही कोरियन मालिका २०१६ पासून कादंबरीरूपात आली, २०२४ मध्ये तिची ॲनिमे झाली आणि आपल्याकडच्या कॉलेजच्या मुलांत ती चांगलीच पसरली आहे. नायकाच्या डोळ्यांपुढे एक चौकट उघडते आणि त्याला स्वतःची ताकद, चपळाई, पायरी आकड्यांत दिसते. प्रकरणागणिक आकडे वाढतात. वाचायला वेग आहे, हे नाकारत नाही. पण इथे फासा औषधालाही नाही. तक्ताच कथा झाला आहे. ओळखीतल्या दोन तरुणांनी आपापल्या मराठी कादंबऱ्यांची हस्तलिखितं मला वाचायला दिली, दोन्हींत मांत्रिकांच्या ठरलेल्या पायऱ्या होत्या आणि प्रत्येक पायरीला शक्तीचं माप. एकात सह्याद्रीतलं जंगल फार सुंदर उतरलं होतं. त्या जंगलात कशाची भीती मात्र वाटेना, कारण नायक सहावीला आणि वाघरू चौथीला हे आधीच कळलं होतं.

अपवाद आहेत, आणि ते शिकवून जातात. ‘मलाझान’ मालिकेचं जग स्टीव्हन एरिक्सन आणि इयन एस्लेमॉण्ट या दोन कॅनेडियन पुरातत्त्वज्ञांनी १९८२ पासून आपापसांत खेळून उभं केलं. पहिली कादंबरी ‘गार्डन्स ऑफ द मून’ १९९९ ची. तिच्यात आकडे कुठेच दिसत नाहीत, पण फाशाचा स्वभाव पानोपानी जाणवतो. मोठमोठी माणसं आडवाटेला मरतात, क्षुल्लक शिपाई टिकतात, आणि लेखकालाही हे आताच कळलं असावं असं वाटत राहतं.

आक्षेप आणि आपलं काही

यावर कुणी म्हणेल, कादंबरीला लेखक असतोच, शेवट तोच ठरवणार, त्यात फासा कुठून आणायचा? आक्षेप रास्त आहे. फासा टाकून कादंबरी लिहा असं मी म्हणत नाही. पण आपल्या पात्राचं म्हणणं ऐकून आपला बेत बदलणं, हे टेबलावर सूत्रधाराला दर पाच मिनिटांनी करावं लागतं, आणि चांगल्या कादंबरीकारालाही तेच करावं लागतं. पुण्यात एका गटाच्या खेळाला मी काही रविवार बसलो होतो. किल्ल्याच्या दारावरच्या पहारेकऱ्याशी लढाई होणार अशी सूत्रधाराची तयारी होती. चोराचं पात्र घेतलेल्या मुलीनं त्याला सरळ मराठीत विचारलं, “दादा, रात्रपाळी रोजच असते का तुमची?” सूत्रधार अडखळला. फासा टाकला, सतरा पडले. त्या बिननावाच्या पहारेकऱ्याला जागच्या जागी नाव, घर आणि आजारी आई मिळाली, आणि पुढचे तीन रविवार कथा त्याच्याभोवती फिरली. कुठल्याही तक्त्यात तो नव्हता.

आकडा हा अद्भुताचा शत्रू आहे, असंही माझं म्हणणं नाही. वनपर्वातलं नलोपाख्यान आठवा. ऋतुपर्ण धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाची पानं-फळं किती ते सांगतो. नळाला विश्वास बसत नाही, तो रथ थांबवून मोजायला लागतो. हिशेब बरोबर निघतो. मोजण्याची ही विद्या आणि फाशांची विद्या एकच, ती हाती येताच नळाच्या अंगातला कली बाहेर पडतो. द्यूतात सर्वस्व हरलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ही गोष्ट सांगतो हे विशेष. इथे मोजणी आहे, पण ती माणसाला सोडवते, खणात घालत नाही.

आणि टेबलाची रचना तर आपल्याला वेताळ पंचविशीमुळे लहानपणापासून ठाऊक आहे. वेताळ गोष्ट सांगता सांगता थांबतो आणि राजाला निवाडा विचारतो. ऐकणाऱ्यानं तोंड उघडल्याशिवाय रात्र पुढे सरकत नाही. ‘चांदोबा’ वाचत वाढलेल्या माझ्या पिढीला सूत्रधाराचं ‘आता काय करता?’ हे वाक्य परकं वाटायचं कारण नाही.

जपानमध्ये १९८६ पासून ‘कॉम्पटिक’ मासिकात ‘रेकॉर्ड ऑफ लोडोस वॉर’ छापून येऊ लागलं, ते कादंबरी म्हणून नव्हे. मित्रांनी टेबलावर खेळलेल्या खेळाचं ते शब्दांकन होतं. कोण काय बोललं, फासा काय पडला, कोण हसलं, सगळं. कादंबऱ्या नंतर निघाल्या. तिथे ‘रिप्ले’ हा स्वतंत्र वाङ्मयप्रकार झाला आणि अजून चालू आहे. पुण्या-मुंबईत आज मराठी बोलत हा खेळ खेळणारी मुलं आहेत. त्यांच्यातल्या कुणीतरी एका बैठकीचं ध्वनिमुद्रण करून, फाशांच्या आकड्यांसकट, काटछाट न करता उतरवून काढावं. दिवाळी अंकांना नवा मजकूर हवाच असतो. पायऱ्यांचे आणि शक्तींचे तक्ते मात्र त्यासोबत पाठवू नयेत, ते वाचून झाले आहेत.